‘रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’ म्हणजे नेमकं काय? टीबीच्या जंतूतले जनुकबदल

पेट्रीडिश

सीबीनॅट म्हणजे थुंकीत टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रावरची तपासणी. तिच्या रिपोर्टवर कामाच्या ओळी दोनच. जंतू सापडला का, आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला रोध दिसला का, म्हणजे ते जंतूवर चालेनासं झालंय का. दुसरीपुढे ‘नॉट डिटेक्टेड’ आलं की घरचे सुस्कारा सोडतात आणि बरेचदा फाइल तिथेच मिटते. पण ती ओळ ‘सगळ्या गोळ्या लागू पडणार’ असं म्हणतच नाही. जंतूच्या ४४ लाख अक्षरांपैकी ८१ अक्षरं तपासली, त्यांत बदल दिसला नाही, एवढंच तिचं म्हणणं. धागा त्यासाठी.

आधी जंतूचा स्वभाव. क्लेबसिएला, ई. कोलाय ही मंडळी रोधाची जनुकं प्लाझ्मिडवरून (गुणसूत्राबाहेरची डीएनएची छोटी कडी) एकमेकांना देतात, शेजारणीने विरजण द्यावं तशी. टीबीच्या जंतूत ही देवघेव दिसत नाही. त्याचा सगळा औषधरोध स्वतःच्या गुणसूत्रात, प्रत काढताना झालेल्या चुकीतून येतो. चूक औषधामुळे होत नाही, ती आधीच झालेली असते. औषध फक्त बाकीच्यांना मारून त्या चुकलेल्याला मोकळं रान देतं.

आकडे बघा. फुप्फुसात पोकळी झालेल्या रुग्णाच्या त्या पोकळीत साधारण १ कोटी ते १०० कोटी जंतू असतात. आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाला मुळातच न जुमानणारा दहा लाखांत एक, रिफॅम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक, असं ढोबळ प्रमाण धरतात. म्हणजे १० कोटी जंतूंच्या पोकळीत एकही गोळी पोटात जाण्याआधी आयसोनियाझिडरोधी शंभरेक आणि रिफॅम्पिसिनरोधी एखादा बसलेलाच असतो. दोन्हींना एकदम पुरून उरणारा मात्र कोटी गुणिले कोटी जंतूंत एक, आणि तेवढे जंतू कुणाच्याही छातीत मावत नाहीत. चार औषधं एकत्र देण्यामागचं सगळं गणित इतकंच.

एकट्या औषधाने काय होतं ते ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन, ५२ जणांना नुसता अंथरुणात आराम. सहा महिन्यांना औषधवाले खूपच बरे होते. पण त्यांच्यातल्या बहुतेकांच्या थुंकीतले जंतू एव्हाना स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते, आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांतल्या मृत्यूंमध्ये फारसा फरक उरला नाही.

आता त्या ८१ अक्षरांबद्दल. आरपीओबी हे जनुक आरएनए बनवणाऱ्या यंत्राचा बीटा भाग घडवतं. रिफॅम्पिसिन या भागाच्या खोबणीत बसतं आणि नुकता तयार होऊ लागलेला आरएनए दोन-तीन अक्षरांवरच अडतो. खोबणीच्या कडा ज्या अमिनो आम्लांच्या, त्यांचे कोडॉन (एका अमिनो आम्लासाठीची तीन अक्षरं) ई. कोलायच्या मोजणीने ५०७ ते ५३३. रिफॅम्पिसिनरोधी जंतूंपैकी ९५ टक्क्यांहून जास्त जणांचा बदल या २७ कोडॉनांत सापडतो. सगळ्यांत जास्त दिसणारा बदल ५३१ वर: टीसीजी चं टीटीजी. एक अक्षर फिरलं, सेरीनच्या जागी ल्युसीन आलं, औषधाला धरून ठेवणारा हायड्रोजन बंध गेला.

(टीबीच्या स्वतःच्या मोजणीत हाच कोडॉन ४५०. जुन्या रिपोर्टवर एस ५३१ एल आणि नव्यावर एस ४५० एल दिसलं तर दोन वेगळे बदल समजू नका, ८१ वजा करा. हा ८१ आणि वरच्या ८१ अक्षरांचा ८१ यांचा संबंध नाही, निव्वळ योगायोग.)

एकशेआठ

चांगला धागा. एक दुरुस्ती सुचवतो. ‘दहा लाखांत एक’ हे वाढलेल्या कळपातलं प्रमाण झालं, उत्परिवर्तनाचा वेग नव्हे. वेग दर जंतू दर पिढी असा मोजतात. रिफॅम्पिसिनसाठी तो १९७० पासून २.२५ गुणिले १० चा उणे दहावा घात, आणि आयसोनियाझिडसाठी २.५६ गुणिले १० चा उणे आठवा घात असा दिला जातो. चूक पिढ्यान्‌पिढ्या साठत जाते म्हणून कळपातलं प्रमाण वेगापेक्षा मोठं दिसतं.

शिवाय ते प्रमाण कधीच सरळ नसतं. ल्युरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये दाखवलं तसं, एकाच जंतूपासून वाढवलेल्या दहा नळ्यांत रोधी जंतूंची संख्या भलती वेगवेगळी येते. एखाद्या नळीत चूक पहिल्या काही पिढ्यांतच झाली की तिची सगळी पिलावळ रोधी. रुग्णांचंही तेच. दोघांच्या पोकळीत जंतू सारखेच, पण एकात रोधी शून्य आणि दुसऱ्यात हजार, असं असू शकतं.

पेट्रीडिश

बरोबर, प्रमाण आणि वेग यांची मी गल्लत केली नाही तरी वाचणाऱ्याची झाली असती.

रानजाई

सीबीनॅट ती ८१ अक्षरं वाचतं म्हणजे नक्की काय करतं? आणि मग ‘इंडिटरमिनेट’ कशाला म्हणतात?

शेवाळ

@रानजाई, वाचत नाही, चाचपतं. जुन्या कार्ट्रिजमध्ये ए ते ई असे पाच प्रोब असतात, प्रत्येक प्रोब त्या ८१ अक्षरांच्या एकेका तुकड्याला चिकटण्यासाठी घडवलेला. ए साधारण ५०७ ते ५११, बी ५११ ते ५१८, सी ५१८ ते ५२३, डी ५२३ ते ५२९, ई ५२९ ते ५३३. मूळ क्रम असेल तर प्रोब चिकटतो आणि चमकतो. एक अक्षर जरी बदललेलं असलं तरी चिकटत नाही किंवा उशिरा चमकतो. पहिला चमकलेला आणि शेवटी चमकलेला प्रोब यांच्यात चारपेक्षा जास्त आवर्तनांचं (डीएनएच्या प्रती काढण्याच्या फेऱ्यांचं) अंतर पडलं की यंत्र ‘रेझिस्टन्स डिटेक्टेड’ म्हणतं. वर सांगितलेला ५३१ चा बदल असेल तर ई प्रोब गप्प बसतो. कोणता अक्षरबदल झाला हे यंत्राला कळत नाही, कुठल्या खोलीत दिवा लागला नाही एवढंच कळतं.

‘इंडिटरमिनेट’ तेव्हा, जेव्हा जंतू इतके कमी असतात की पहिलाच प्रोब फार उशिरा चमकतो आणि शेवटच्याची वाट बघायला आवर्तनंच उरत नाहीत. रिपोर्टवरचं हाय, मीडियम, लो, व्हेरी लो हे त्याच आवर्तनांवरून येतं: १६ च्या आत हाय, १६ ते २२ मीडियम, २२ ते २८ लो, २८ च्या पुढे व्हेरी लो.

इथे एक खाचखळगा आहे. व्हेरी लो नमुन्यात एखादा प्रोब निव्वळ जंतू कमी म्हणून मागे पडतो आणि खोटाच ‘डिटेक्टेड’ येतो. पूर्वी उपचार झालेले नाहीत, घरात औषधरोधी टीबीचा रुग्ण नाही, आणि रिपोर्ट ‘व्हेरी लो, रिफ रेझिस्टन्स डिटेक्टेड’ असा आला, तर नवा नमुना घेऊन परत चालवायचा. तोच शिल्लक द्रव परत चालवण्यात अर्थ नाही.

अल्ट्रा या नव्या कार्ट्रिजची तऱ्हा निराळी. त्यात प्रोब कोणत्या तापमानाला सुटतो ते मोजतात, त्यामुळे हा घोळ बराच कमी होतो आणि काही मूक बदलही ओळखता येतात. उदाहरणार्थ ५१४ वर टीटीसी चं टीटीटी. दोन्हीचा अर्थ फिनाइलअॅलनीनच, प्रथिनात काडीचा फरक नाही, पण जुनं कार्ट्रिज त्याला रोध म्हणून मोकळं होत असे. अल्ट्रात ‘ट्रेस’, म्हणजे जंतू अगदी नावापुरते, असं आलं तर मात्र रिफॅम्पिसिनबद्दल काहीही सांगता येत नाही, कारण ट्रेस सापडतो तो आयएस ६११० आणि आयएस १०८१ या अनेक प्रतींत असलेल्या खुणांवरून. आरपीओबीची प्रत जंतूमागे एकच.

मूषक

नमुना नीट नसेल तर हे सगळं व्यर्थ. थुंकी म्हणून लाळ आणून देतात. खोकून काढलेला घट्ट बेडका हवा, २ ते ५ मिलि. एका भागाला दोन भाग रिएजंट, झाकण लावून जोरात १०-२० वेळा हलवायचं, एकूण १५ मिनिटं ठेवायचं आणि मध्ये एकदा परत हलवायचं. गुठळी राहिली तर थांबा. २ मिलि कार्ट्रिजमध्ये. गुठळी तशीच ओतली की एरर २००८, म्हणजे आतल्या पिचकारीवर दाब चढला. ५००७ आला तर प्रोब तपासणीत गडबड, नमुन्याचं प्रमाण चुकलं किंवा कार्ट्रिज खराब. यंत्राची खोली ३० अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे एसी बंद म्हणजे यंत्र बंद असं समजून चाला.

रानजाई

मिटली शंका. आता मूळ प्रश्न. रिफ संवेदनशील आली तरी आयसोनियाझिडचं काय? सीबीनॅट त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही ना?

शेवाळ

नेमकं बोललात. नेहमीचं कार्ट्रिज आयसोनियाझिडवर मुकं आहे. ट्रूनॅट या त्याच कामाच्या छोट्या यंत्राचंही तसंच: आधी टीबीची चिप, पॉझिटिव्ह आली तर रिफची दुसरी चिप. (अवांतर: ट्रूनॅट बनवणारी मोलबायो गोव्याची. बॅटरीवर चालतं म्हणून प्राथमिक केंद्रांपर्यंत पोचलं.)

आयसोनियाझिडसाठी एलपीए, म्हणजे पट्टीची तपासणी. पट्टी कशी वाचायची ते सविस्तर लिहितो, कारण रिपोर्टवर तिचंच भाषांतर असतं आणि कधीकधी ते घाईत केलेलं असतं.

पट्टीवर वरून खाली रेषा. पहिली कॉन्जुगेट कंट्रोल, दुसरी अॅम्प्लिफिकेशन कंट्रोल, तिसरी टब म्हणजे टीबी गटाचा जंतू आहे. मग प्रत्येक जनुकाची आपली कंट्रोल रेषा आणि तिच्याखाली ‘वाइल्ड टाइप’ आणि ‘म्युटेशन’ रेषा. आरपीओबीला आठ वाइल्ड टाइप आणि चार म्युटेशन: ५१६, ५२६ चे दोन प्रकार, आणि ५३१. आयसोनियाझिडरोधाची जनुकं दोन, कॅटजी आणि आयएनएचए. कॅटजीला एक वाइल्ड टाइप, ३१५ चे दोन प्रकार. आयएनएचएच्या प्रवर्तकाला (जनुक किती चालायचं ते ठरवणाऱ्या भागाला) दोन वाइल्ड टाइप आणि चार म्युटेशन.

नियम असा की अॅम्प्लिफिकेशन कंट्रोलइतकी किंवा तिच्याहून गडद असेल तीच रेषा मोजायची. अंधूक दिसली म्हणून धरायची नाही. मग चार शक्यता:

सगळ्या वाइल्ड टाइप आहेत, म्युटेशन नाही: तिथे बदल नाही.

वाइल्ड टाइप गेली, तिथली म्युटेशन उमटली: रोध, आणि कोणता तेही कळलं.

वाइल्ड टाइप गेली पण म्युटेशन कुठलीच नाही: बदल आहे, पण पट्टीवर त्याची रेषा नाही. याला ‘अनुमानित रोध’ म्हणतात. हाच रिपोर्टमध्ये सगळ्यांत जास्त गोंधळ घालतो. मूक बदलही इथेच लपतो.

वाइल्ड टाइपही आहे, म्युटेशनही आहे: दोन कळप एकत्र नांदताहेत. पट्टी साधारण ५ टक्के अल्पसंख्याकही पकडते. सीबीनॅटला असा छोटा रोधी गट दिसत नाही, बहुसंख्याकांच्या चमकेत तो बुडून जातो.

संकरणाचं, म्हणजे डीएनए पट्टीला चिकटवण्याचं, तापमान ४५ अंश. पाणी दोन अंशांनी गार असलं तरी नको त्या रेषा चिकटून राहतात, गरम झालं तर हव्या त्याही धुऊन जातात. निगेटिव्ह कंट्रोलच्या पट्टीवर टबची रेषा उमटली तर ती अख्खी तुकडी फेकायची, एकही रिपोर्ट द्यायचा नाही. खोल्या तीन वेगळ्या हव्यात त्या याचसाठी: मिश्रण बनवायची, डीएनए घालायची, आणि पीसीआरनंतरची, म्हणजे डीएनएच्या प्रती काढून झाल्यावरची. तिसऱ्या खोलीतला एप्रन पहिल्या खोलीत गेला की आठवडा वाया.

बावनकशी

शेवाळ यांच्या प्रतिसादाला औषधाच्या बाजूने जोड. कॅटजी आणि आयएनएचए यांत फरक न करता नुसतं ‘एच रेझिस्टंट’ (एच म्हणजे आयसोनियाझिड) लिहिणारे रिपोर्ट पाहिले की चीड येते. दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा.

आयसोनियाझिड स्वतः निरुपद्रवी. जंतूचंच कॅटजी हे एन्झाइम त्याला पेटवतं, मग ते आयएनएचएला जखडतं आणि जंतूच्या भिंतीतलं मायकोलिक आम्ल बनणं थांबतं. आता जंतूने कॅटजी मोडूनच टाकलं तर औषध पेटणार नाही, पण तेच एन्झाइम आपल्या पांढऱ्या पेशींनी सोडलेलं पेरॉक्साइडही निस्तरत असतं. ते गेलं की जंतू दुबळा. म्हणून ३१५ चा बदल इतका लोकप्रिय: एजीसी चं एसीसी, सेरीनचं थ्रिओनीन. आयसोनियाझिड आत शिरायची बोळ अरुंद होते, पेरॉक्साइडचं काम बहुतांशी चालूच. कुलूप बदललं, दार शाबूत. हा रोध वरच्या पातळीचा, डोस वाढवून उपयोग सहसा नाही.

आयएनएचए प्रवर्तकात उणे १५ वर सी चं टी झालं तर आयएनएचए जास्त बनतं. लक्ष्यच वाढलं, म्हणून नेहमीचा डोस अपुरा. हा रोध खालच्या पातळीचा, डॉक्टर इथे वजनाला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅमपर्यंत आयसोनियाझिड वापरू शकतात. पण त्याच बदलाने इथिओनामाइड हे औषधही वाया जातं, कारण तेही शेवटी आयएनएचएवरच बसतं. पेटवणारा निराळा, निशाणा एकच. दोन्ही बदल एकत्र असतील तर दोन्ही औषधं गेली.

रिफ संवेदनशील, एच रोधी, असं निघालं तर आपल्याकडच्या राष्ट्रीय कार्यक्रमात लेव्होफ्लॉक्सासिन, रिफॅम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल, पायराझिनामाइड असे ६ महिने देतात. हे न ओळखता नेहमीची पद्धत चालू ठेवली तर? दोन महिन्यांनी पायराझिनामाइड थांबतं, आणि उरलेल्या चार महिन्यांत एच, आर (रिफॅम्पिसिन), ई (इथॅम्ब्युटॉल) पैकी एच नावापुरतं. मग रिफॅम्पिसिनला सांभाळायला फक्त इथॅम्ब्युटॉल उरतं, आणि ते जंतू मारण्यापेक्षा वाढ रोखणारं औषध. एमडीआर, म्हणजे रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड दोन्हींना रोधी टीबी, असा घरच्या घरी तयार होतो. ढासळलेल्या उपचारात एकच नवं औषध वाढवायचं नाही, हा नियमही त्याच गणितातून.

एकशेआठ

बावनकशी, एकच भर. दुबळेपणा कायमचा नसतो. रिफरोधी जंतू आरपीओसी किंवा आरपीओए (त्याच आरएनए यंत्राच्या इतर भागांची जनुकं) मध्ये दुसरा बदल करून आपली चाल सुधारतो. कॅटजी गमावलेला एएचपीसी या पेरॉक्साइड निस्तरणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमचं उत्पादन वाढवतो. ‘रोधी जंतू पसरत नाही’ हा जुना समज त्यामुळे टिकत नाही. आज एमडीआर झालेल्यांत मुळातच रोधी जंतूची लागण झालेले बरेच असतात. सगळ्यांनीच गोळ्या चुकवल्या म्हणून ते झालं असं नव्हे.

मूषक

हे ठळक करा कुणीतरी. ‘गोळ्या चुकवल्या असतील’ हे रुग्णाला ऐकवणं बंद व्हायला हवं.

रानजाई

सीबीनॅट म्हणतं रोध आहे, कल्चर म्हणतं नाही. मग कुणाचं ऐकायचं?

पेट्रीडिश

दोघांतला एक खोटा असेलच असं नाही. आधी एमजीआयटीत, म्हणजे औषध घातलेल्या द्रवात जंतू वाढतो का ते बघणाऱ्या कल्चर तपासणीत, काय होतं ते बघू.

७ मिलि द्रवाच्या ट्यूबा. प्रत्येकीत ०.८ मिलि सप्लिमेंट, ०.१ मिलि औषध, ०.५ मिलि जंतूंचा द्रव. कंट्रोलच्या ट्यूबमध्ये औषध नाही, आणि तोच द्रव शंभरपट पातळ करून ०.५ मिलि. कंट्रोलची वाढ ४०० एककांवर पोचली की यंत्र औषधाच्या ट्यूबकडे बघतं. तिथे १०० किंवा जास्त असेल तर रोध. मर्म त्या शंभरपटीत आहे: औषधाची ट्यूब जवळपास कंट्रोलइतकी वाढली, तर शंभरात किमान एक जंतू रोधी होता.

कंट्रोल ४०० वर चार दिवसांच्या आतच गेला तर एक्स ४०० एरर, बहुधा द्रव दाट झाला किंवा दुसरा जंतू शिरला. १३ दिवसांतही २०० गाठले नाहीत तर एक्स २००, म्हणजे जंतू कमी पडले किंवा मेलेले होते. ट्यूब पॉझिटिव्ह झाल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी द्रव तसाच वापरतात, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी १ मिलिला ४ मिलि सलाइन घालून. हे दिवस मोजायला चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

आता घोळ कुठे. आरपीओबीत काही बदल ‘कुंपणावरचे’ आहेत: जुन्या मोजणीत ५११ ला प्रोलीन, ५१६ ला टायरोसीन, ५२६ ला ल्युसीन किंवा अॅस्पॅराजीन, ५३३ ला प्रोलीन वगैरे. या जंतूंचा रोध मध्यम आणि वाढ मंद. कंट्रोल ४०० ला पोचेपर्यंत औषधातला मंद गडी १०० ला पोचतच नाही, आणि यंत्र ‘संवेदनशील’ छापतं. अंड्याच्या एलजे माध्यमावर वेळ जास्त मिळतो, तिथे तोच जंतू उगवून येतो. रुग्णांच्या बाबतीत मात्र असे बदल असलेल्यांत नेहमीच्या उपचाराचे निकाल वाईट दिसले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एमजीआयटीतली रिफॅम्पिसिनची कसोटी मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमवरून ०.५ वर आणली. तरी काही निसटतात.

तेव्हा सीबीनॅट रोधी, एमजीआयटी संवेदनशील असेल तर आधी आरपीओबीचा अनुक्रम वाचून घ्यायचा. कुंपणावरचा बदल निघाला तर रोधी धरायचं. मूक निघाला तर संवेदनशील.

उलट बाजूही आहे. आय ४९१ एफ (हा आकडा टीबीच्या स्वतःच्या मोजणीतला) हा बदल त्या ८१ अक्षरांच्या बाहेर पडतो. सीबीनॅट, ट्रूनॅट, पट्टी, कुणालाच दिसत नाही, आणि एमजीआयटीतही बऱ्याचदा सुटतो. एस्वातिनी, म्हणजे पूर्वीच्या स्वाझीलँडमध्ये २००९ च्या पाहणीतल्या एमडीआर जंतूंत तो सुमारे ३० टक्क्यांत निघाला. यंत्र सगळीकडे पोचलं, आणि त्याच्या आंधळ्या जागेत बसलेला जंतू निवांत पसरला. म्हणून धाग्याच्या शीर्षकातला प्रश्न.

एकशेआठ

अवांतर होईल, पण पायराझिनामाइडबद्दल कुणी लिहिलं नाही. त्याचं पीएनसीए जनुक ५६१ अक्षरांचं आणि बदल संपूर्ण जनुकभर विखुरलेले. ठरावीक जागाच नाही, त्यामुळे पट्टी बनवणं अवघड, अनुक्रमच वाचावा लागतो. कल्चरला माध्यमाचा पीएच ५.९ हवा आणि कंट्रोल शंभरऐवजी दहापट पातळ. जंतू जास्त पडले की तेच माध्यम कमी आम्ल करतात, औषध निष्प्रभ होतं आणि खोटा रोध छापून येतो. रिपोर्टमध्ये एकट्या पायराझिनामाइडलाच रोध दिसला तर दोन गोष्टी तपासा: द्रव दाट झाला का, आणि जंतू गुरांचा मायकोबॅक्टेरियम बोव्हिस तर नाही ना. तो जन्मजात पायराझिनामाइडरोधी.

रानजाई

आणि औषधरोधी टीबीवरचं बेडाक्विलिन? आता तर सहा महिन्यांच्या बीपाल्म पद्धतीत (बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन) तेच मुख्य आहे.

बावनकशी

मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच.

बेडाक्विलिन जंतूच्या एटीपी बनवणाऱ्या चक्रावर बसतं. लक्ष्यातला, म्हणजे एटीपीई मधला बदल रुग्णांत विरळाच. वाट निघते ती मागच्या दाराने. आरव्ही ०६७८ हे जनुक एका पंपाला दाबून ठेवतं, एमएमपीएस ५ आणि एमएमपीएल ५ असा जोडपंप. दाबणारं मोडलं की पंप सुटतो आणि औषध बाहेर फेकतो. काहीतरी ‘मोडायचं’ असल्यामुळे ठरावीक जागेची गरज नाही. ४९८ अक्षरांच्या त्या जनुकात कुठेही एक अक्षर वाढलं किंवा गळलं तरी काम झालं. त्यात ‘जी’ (G) हेच अक्षर सलग आलेली एक माळ आहे, तिथे प्रत काढणारा हमखास अडखळतो. गंमत म्हणजे अनुक्रम वाचणारी काही यंत्रंही अशा माळेवरच अडखळतात.

हाच पंप क्लोफॅझिमिन हे दुसरं औषधही फेकतो, त्यामुळे एक गेलं की दुसऱ्याचा भरवसा नाही. रोध साधारण २ ते ८ पट वाढतो. एमजीआयटीतली कसोटी १ मायक्रोग्रॅम, आणि बरेच बदललेले जंतू नेमके त्या रेषेच्या आसपास रेंगाळतात.

उलटा प्रकारही आहे. आरव्ही ०६७८ मोडलंय, पण एमएमपीएल ५ सुद्धा मोडलेलं आहे. पंपच नाही, मग सुटणार काय? जनुक बघून रोध म्हणाल तर तो जंतू प्रत्यक्षात संवेदनशील निघतो. संघटनेच्या उत्परिवर्तनांच्या यादीची पहिली आवृत्ती २०२१ ची, दुसरी २०२३ ची, आणि असे जोडीचे अर्थ तीत वाचावेच लागतात. एकट्या बदलावर बोट ठेवून रिपोर्ट देता येत नाही.

शेपटीचा धोका वेगळाच. बेडाक्विलिन ४०० मिलिग्रॅम रोज दोन आठवडे, मग २०० आठवड्यातून तीनदा. शरीरातून निम्मं जायला साडेपाच महिने. लिनेझोलिड काही तासांत जातं, प्रेटोमॅनिड दिवसाच्या आत निम्मं. रुग्णाने तिसऱ्या महिन्यात सगळं बंद केलं तर पुढचे कित्येक महिने जंतू एकट्या बेडाक्विलिनच्या पातळ डोसात राहतो. १९४८ ची स्ट्रेप्टोमायसिनची चाचणीच, फक्त संथ गतीने.

आणि रुग्ण थांबवतो ते बहुधा लिनेझोलिडमुळे: पायांना मुंग्या, रक्त कमी होणं, नजर अंधुकणं. दर भेटीला ‘चप्पल पायातून निसटते का, कळतं का’ आणि ‘लाल-हिरवा नीट दिसतो का’ हे दोन प्रश्न विचारायचे. मुंग्या लवकर कळल्या तर डॉक्टर डोस कमी करून किंवा थोडं थांबवून उपचार वाचवू शकतात. कळल्या नाहीत तर रुग्ण न सांगता सगळंच सोडतो.

मूषक

बीपाल्ममधलं ‘एम’ म्हणजे मॉक्सिफ्लॉक्सासिन. ते घालायच्या आधी जायरए, म्हणजे फ्लोरोक्विनोलोन गटाच्या (लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन) औषधांच्या लक्ष्याचं जनुक, बघितलंच पाहिजे. ९० वर व्हॅलीन आला तर रोध सहसा खालचा, ९४ वर ग्लायसीन आला तर वरचा. ९५ चा सेरीन-थ्रिओनीन फरक मात्र वंशाचा, रोधाचा नव्हे, त्यावरून घाबरू नका. सर्दी-खोकल्याला लेव्होफ्लॉक्सासिन लिहून देण्याची आपल्याकडची सवय बघता जायरए न तपासता पुढे जाणं म्हणजे जुगार.

रानजाई

शेवटची शंका. मुंबईतून ‘टीडीआर’, कशालाच दाद न देणारा टीबी, अशी बातमी आली होती. तो शब्द आता दिसत नाही.

पेट्रीडिश

हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ४ रुग्णांचा तो अहवाल दिला होता, २०११-१२ ची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१२ मध्ये तो शब्द वापरू नये असं ठरवलं. कारण व्यवहाराचं: काही औषधांच्या कल्चर तपासण्या तेव्हा खात्रीलायक नव्हत्या, आणि नवी औषधं दाराशी होती. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत बेडाक्विलिनला मान्यता मिळाली. २०२१ पासून व्याख्या अशा: रिफरोधी अधिक फ्लोरोक्विनोलोनरोधी म्हणजे प्री-एक्सडीआर, त्यात बेडाक्विलिन किंवा लिनेझोलिडला रोध जोडला की एक्सडीआर.

रानजाई

आणि उपचार चालू असताना दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सीबीनॅट परत करून जंतू गेले का बघता येईल?

शेवाळ

नाही. मेलेल्या जंतूचा डीएनएही त्याला सापडतो, काही जणांत उपचार संपल्यावरही बराच काळ. प्रगती बघायला स्मिअर (थुंकी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) आणि कल्चर. स्मिअर पॉझिटिव्हच राहिला तर मात्र त्या नमुन्यावर नवीन रोध शोधायला पट्टी लावायची. आणि तो नमुना पहिल्या घोटाची लाळ नको, सकाळचा खोल खोकून काढलेला हवा.